आमच्या दिंडीची वह्यांची पेटी



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघतो आहे. विणेकरी, चोपदार, पखवाजी, अन्नदाते यांच्याविषयी बाकीच्या मंडळींनी लिहिलंच आहे. मंडळानं आम्हाला सांगितलं, बुवा, तुम्ही पेटीविषयी लिहा. आता पेटी म्हटलं की कुणालाही वाजवायची पेटी आठवते. पण आपल्या दिंडीत ‘पेटी काढा’ म्हटलं की वह्या-पोथ्यांची पेटी काढायची, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला जे उभे राहतो ते या पेटीच्या जिवावर. तेव्हा तिचा इतिहास लिहिणं हे आमच्यावरचं ऋणच आहे.

पेटीत काय आहे ते आधी सांगतो. तुकोबारायांचा गाथा, ज्ञानेश्वरी, नाथांचं भागवत, भजनी मालिका, ही छापील पुस्तकं. त्याखाली हातानं लिहिलेल्या वह्या. काकड्याची वही वेगळी, वारांच्या अभंगांची वेगळी, गौळणींची वेगळी. आणि सगळ्यात खाली, रुमालात बांधलेल्या, चालींच्या वह्या. हे सगळं कुणालाही वाचायला, म्हणायला, उतरून घ्यायला मिळतं. पैसा नाही, अनामत नाही. शंभर वर्षं ही देवघेव चालू आहे.

कुणी म्हणेल, वारकऱ्याला वही कशाला? त्याला तर सगळं पाठ असतं. पाठ असतं हे खरं. पण पाठ असलेलं हळूहळू सरकतं. एक शब्द इकडचा तिकडं होतो, पुढचा तोच धरतो, आणि दोन पिढ्यांनी अभंगाचा अर्थच पालटतो. हे आजचं नाही. ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ मध्ये, आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्यानंतर तीनशे वर्षांत लोकांनी उतरून घेता घेता इतके पाठभेद केले की नाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ती शुद्ध करावी लागली. पुढं कुणी यात आपली ओवी घालू नये, असंही त्यांनी बजावून ठेवलं. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, एकेक पारखून घ्यायच्या. नाथांनी हे काम केलं नसतं तर आज पारायणाला आपण काय वाचत बसलो असतो, याचा विचार करावा.

संतांची वाणी आपोआप टिकली असं आपण समजतो. तसं नाही, माउली. प्रत्येक संतामागं एक लिहिणारा होता. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कुणाचा लेखक कोण याची यादीच दिली आहे. चोखोबारायांचे अनंतभट्ट, आणि जनीचा लेखक म्हणजे खुद्द पांडुरंग! देवानंसुद्धा लिहायचं काम कमी मानलं नाही. तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांत संताजी जगनाडे होते, चाकणचे, तेल्याचा धंदा करणारे. तेलाचा घाणा सांभाळून त्यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. त्यांच्या घराण्यानं त्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, म्हणून ठाण्याचे वि. ल. भावे यांना पुढं त्यांवरून गाथा छापता आला. घाणा चालवणाऱ्या माणसाची अक्षरं तीनशे वर्षांनी उपयोगाला आली.

छापायला पैसा लागतो, तोही कुणीतरी दिला. १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात तुकोबारायांचा गाथा छापायला लागला तेव्हा सरकारनं २४ हजार रुपये दिले. शंकर पांडुरंग पंडित यांनी गावोगावच्या जुन्या वह्या गोळा करून ताडून पाहिल्या. इंग्रजाचं सरकार, पण हे काम त्याच्या हातून झालं. स्वराज्य आल्यावर १९५० साली मुंबई सरकारनं पुन्हा गाथा छापला. तोच आपण ‘शासकीय गाथा’ म्हणतो. चार हजारांवर अभंग, आणि किंमत गरिबाला झेपेल अशी.

पण आमची दिंडी सुरू झाली तेव्हा छापील गाथा गावात कुणाच्या घरी नव्हता. जुनी माणसं सांगायची, पहिल्या मंडळींनी वह्या हातानं केल्या. बोरू तासायचा, दिव्याच्या काजळीत बाभळीचा डिंक घालून शाई घोटायची, आणि पावसाळ्यात शेतीची कामं आटोपली की कंदिलापुढं बसून उतरून काढायचं. लिहिता येणारे गावात मोजके. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी ऐकून चूक धरायची. अडाणी माणूससुद्धा या कामात होता, कारण त्याचा कान पक्का होता. १९१७ साली जोगमहाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली होती. तिथं शिकून आलेल्या मुलांनी पुढं आमच्या वह्या तपासून दिल्या.

छापील पुस्तकं आली ती मुंबईहून. आमच्या भागातले कितीतरी गडी गिरणीत होते. लालबाग-परळच्या गाळ्यात एकेका खोलीत वीस-वीस माणसं राहायची. त्यांनी तिथं भजन धरलं होतं. पाळी संपली की टाळ घ्यायचे. पगारातून एकेक आणा बाजूला काढून त्यांनी गिरगावातल्या दुकानांतून गाथा घेतला, ज्ञानेश्वरी घेतली, आणि दिवाळीला गावी येताना डोक्यावरून आणली. नंतर दरवर्षी पेटीसाठी त्यांची मनिऑर्डर यायची. गावात राहिलेल्यांनी खळ्यावर पायलीभर धान्य काढून ठेवायचं, ते विकून बांधणीचा खर्च भागायचा. देणाऱ्याचं नाव पुस्तकावर घालायचं नाही असा दंडक पहिल्यापासून आहे. आत फक्त ‘दिंडीचे’ एवढंच लिहिलेलं. त्यामुळं हे माझं, हे त्याचं, असा वाद कधी झाला नाही.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही अकरा-बारा वर्षांचे होतो. सगळं गाव खडी फोडायला आणि तलावाच्या कामाला. खळंच नाही तर पायली कुठली? पण त्या वर्षी पेटी जास्त चालली. दुपारच्या सुट्टीत मिलोची भाकरी खाऊन बाया-माणसं बाभळीखाली बसायची, आणि एक जण वही वाचायचा. वह्यांवर खडीची धूळ बसली ती अजून काही पानांच्या शिवणीत आहे. आम्ही ती झटकत नाही.

मग १९८२ ला जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. दिवस गेले, महिने गेले, गडी एकेक करून गावाकडं परतले. कैक गिरण्या परत नीट चालल्याच नाहीत. मनिऑर्डर बंद झाली. तेव्हा पेटी धरली ती आमच्या आयाबहिणींनी. डेअरीला दूध घालणाऱ्या बायांनी ठरवलं, एकादशीच्या दिवशीच्या दुधाचे पैसे पेटीचे. ज्या बाईला सही करता येत नव्हती ती अंगठा देऊन पैसे जमा करायची, आणि विचारायची, ‘काकड्याची वही शिवली का नाही अजून?’ वाचता येत नाही, पण कुठली वही फाटली हे तिला माहीत! आज पेटीचा हिशेब ज्या वहीत आहे, त्यात पुरुषांपेक्षा बायांचे अंगठे जास्त आहेत, हे तरुणांनी एकदा उघडून पाहावं.

देवघेवीची रीत अशी आहे. आषाढी वारीला निघायच्या आधी ज्येष्ठात सगळं परत गोळा करायचं. नोंदवही काढायची, गावाचं नाव, माणसाचं नाव, काय नेलं, केव्हा आणलं. सुटलेली पानं खळीनं चिकटवायची. खळ कणकेची, पण तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. शिवण उसवली असेल तर दोरा ओवायचा. मग पत्र्याच्या ट्रंकेत वेखंड आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून वर मेणकापड. आषाढाचा पाऊस, दिवे घाटाचा चढ, वाल्ह्याचा वारा, सगळ्यातून ती ट्रंक जायची. आधी बैलगाडीत, आता टेम्पोत. मुक्कामाला राहुटी पडली की पाण्याच्या आधी ट्रंक आत. पंढरीहून परत आलं की चातुर्मासात पारायणाला पुस्तकं गावोगाव जातात, मग सप्ताहांना, आणि पुन्हा ज्येष्ठात घरी.

आणि एक नियम. वही हरवली तर पैसे घ्यायचे नाहीत. हरवणाऱ्यानं दुसऱ्या वहीवरून ती पुन्हा लिहून द्यायची. स्वतःला लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्यायची. या नियमामुळं कितीतरी घरांत पोरांना अभंग लिहायची सवय लागली. दंड म्हणून सुरू झालं आणि शिक्षण होऊन बसलं.

आता चालींच्या वह्यांविषयी, कारण खरी काळजी तिथंच आहे. अभंगाचे शब्द चार ठिकाणी छापलेले सापडतील. पण चाल कागदावर नसते. ती तोंडातून कानात जाते. वारकरी चाल ही गुरूनं म्हटली, शिष्यानं धरली, अशीच आली. बुवा गेला की त्याच्याबरोबर दहा चाली जातात. आमच्या शाळेत एक मास्तर होते, पेटी वाजवणारे. पंडित विष्णू नारायण भातखंडे आणि पंडित विष्णू दिगंबर पलुसकर या दोघांनी स्वर कागदावर मांडायच्या रीती घालून दिल्या. त्यातली भातखंड्यांची रीत मास्तरांना येत होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, वरच्या सप्तकाला वर टिंब, खालच्याला खाली टिंब, समेला फुली. मास्तरांनी गावातल्या म्हाताऱ्या टाळकऱ्यांना ओसरीवर बसवून एकेक चाल म्हणायला लावली आणि ती मांडून ठेवली. म्हातारे हसायचे, म्हणायचे, ‘आमचं गाणं टिंबात कसं मावंल, मास्तर?’ सगळं मावत नाहीच. चढ-उतार, हुंकार, टाळाच्या घोळक्यात आवाज जिथं वाकतो ते कागदावर येत नाही. पण सांगाडा येतो. सांगाडा असला की जाणता माणूस त्यात जीव भरतो.

२०२० आणि २०२१ ला महामारीत पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. त्या दोन वर्षांत आमच्या भागातली चार-पाच जुनी माणसं गेली. त्यांच्यातल्या एकाला काकड्याची एक जुनी चाल येत होती, दुसऱ्या कुणाला नाही. पुढच्या वर्षी वारी निघाली तेव्हा ती चाल म्हणायला कुणी नव्हतं. मग मास्तरांची वही काढली, पेटीवर स्वर लावले, आणि पोरांनी ती पुन्हा बसवली. पहिल्यासारखी आली का? नाही आली. पण मेली नाही. ज्यांनी त्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकली होती त्यांनी डोळे पुसले आणि दोन ठिकाणी सुधारून दिली. वही कशाला, याचं उत्तर त्या दिवशी सगळ्यांना मिळालं.

आता पोरं म्हणतात, बुवा, सगळं मोबाईलवर आहे. आहे, आणि आम्ही त्याला नावं ठेवत नाही. आमचा नातूच आम्हाला मोबाईलवर ज्ञानेश्वरी काढून देतो. पण मोबाईलवर जो अभंग येतो त्यात कितीदा शब्द चुकलेला असतो, आणि तो कुणी टाकला, कुठल्या गाथ्यावरून टाकला, हे कळत नाही. पेटीतल्या वहीवर मागं लिहिलेलं असतं, अमक्या प्रतीवरून उतरली, अमक्यानं तपासली. चुकलं तर विचारायला घर असतं. दुसरं, आमच्या चाली मोबाईलवर नाहीतच. त्या जगात फक्त एका ठिकाणी आहेत, त्या पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी. एक गळकं छप्पर, एक वाळवीची वारूळ, एक विझायची राहिलेली चूल, आणि शंभर वर्षांची पुंजी गेली.

पेटी सांभाळणारे सध्या दोघं आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांना पगार नाही, मानाचा नारळ नाही. म्हणून या शताब्दीला मंडळानं ठरवलं आहे ते वाचकांपुढं ठेवतो. या चातुर्मासात चालींच्या प्रत्येक वहीची एक प्रत हातानं करायची. एका घरानं एकच वही घ्यायची. आषाढी झाली की न्यायची, कार्तिकीच्या आत मूळ आणि प्रत दोन्ही आणून द्यायची. स्वर ज्यांना कळतात त्यांनी तपासायचं, ज्यांना नुसतं अक्षर येतं त्यांनी शब्द उतरायचे. पोरांनी वाटलं तर मोबाईलवर फोटोही काढावेत, तीही एक प्रतच. मूळ वह्या गावात राहतील, प्रती शेजारच्या गावच्या देवळात ठेवायच्या, म्हणजे एका ठिकाणी काही झालं तरी दुसरीकडं उरेल. भिशीच्या पैशाला हात लावायचा नाही. कागद, पुठ्ठा आणि दोरा याचा खर्च एकादशीच्या दुधातून होईल, असं बायांनी आधीच सांगून टाकलं आहे.

दोन जण पेटी शिकायला हवेत, पंचविशीच्या आतले. पोरगी असली तरी चालेल, उलट बरं. खळ कशी करायची, वेखंड केव्हा बदलायचं, नोंदवही कशी ठेवायची, हे म्हातारे शिकवतील. नाव द्यायचं असेल त्यानं एकादशीला देवळात काकड्यानंतर भेटावं. पेटी तेव्हा उघडी असते.

लिहिण्यात काही कमी-जास्त वाटलं तर संतमंडळींनी गोड करून घ्यावं.

ज्ञानोबा माउली तुकाराम!