वत्सगुल्माची अपुरी लेणी

वऱ्हाडचे पूर्वापार दोन भाग पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा तो पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून दक्षिणेकडे पसरलेला तो बालाघाट. अमरावती आणि अकोला पहिल्यात मोडतात. पातूरचा घाट चढून गेले म्हणजे दुसरा लागतो, आणि त्यातच १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेले वाशीम आहे. हे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, ही गोष्ट विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीम येथेच उजेडात आल्यावर निर्विवाद झाली, आणि य. खु. देशपांडे व वा. वि. मिराशी या विदर्भातल्याच पंडितांनी त्या राजवंशाला इतिहासात त्याची जागा मिळवून दिली.

या शाखेचा शेवटचा थोर राजा हरिषेण. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या अमलाखाली अजिंठ्याच्या डोंगरात जे काम सुरू झाले, त्याची थोरवी सांगण्याचे प्रयोजन नाही. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्याचा सचिव वराहदेव याने स्वामीच्या वंशावळीसह आपल्या दानाची नोंद करून ठेवली आहे, आणि पहिल्या व सतराव्या लेण्यातील चित्रे पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात. परंतु त्याच डोंगरात जी लेणी आरंभून सोडून दिलेली आहेत, ज्यांच्यापुढून वाटाडे प्रवाशांना घाईने पुढे नेतात, त्यांच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. कारण वास्तूचा संकल्प म्हणजे काय, आणि तो शिल्पाशी कोठे एकरूप होतो, हे पूर्ण झालेल्या लेण्यापेक्षा या अपुऱ्या लेण्यांत अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

चोविसावे लेणे घ्या. वीस खांबांचा, सुमारे पंचाहत्तर फूट लांबीरुंदीचा हा विहार पुरा झाला असता, तर अजिंठ्यातील अत्यंत सुंदर विहारांत त्याची गणना झाली असती. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले तेव्हा आतल्या दालनात एकच खांब घडून पुरा झालेला होता. बाकीचा खडक जेथे काम थांबले तेथेच उभा होता. कारागीर आधी खडकात लांबच लांब बोळ खणीत जात, मग दोन बोळांमधल्या भिंती फोडीत, आणि छताला जेथे आधार ठेवावयाचा तेवढाच दगड शिल्लक राखीत, हे त्यांना याच लेण्यावरून उमगले. पडवीच्या सहा खांबांपैकी त्या वेळी एकच उभा होता. बाकीचे कोसळले होते, पण त्यांची कोरीव शीर्षे वरच्या तुळईला तशीच लटकत होती, खाली काही नसताना. बांधलेल्या घरात असे घडणे शक्य नाही. येथे घडले, कारण खांब, शीर्ष, तुळई, छत हे सारे एकाच पाषाणाचे अवयव. कोणी कोणावर रचलेला नाही. डोंगरच सर्व भार वाहतो, आणि खांब हा बव्हंशी खांबाचे शिल्प असतो.

एकोणतिसाव्या लेण्यात तर याच्याही आधीची अवस्था पाहावयास मिळते. विसाव्या आणि एकविसाव्या लेण्यांच्या मध्ये, उंचावर, एका चैत्यगृहाच्या छताची कमान तेवढी कोरली गेली आहे. इमारत पायापासून चढते, लेणे माथ्यापासून उतरते. म्हणून ज्याला जमीन नाही, भिंती नाहीत, असे हे नुसते छत मागे राहिले.

बांधलेल्या वास्तूचे नशीब निराळे असते. अचलपूरजवळचा हौज कटोरा हा हौदाच्या मधोमध उभारलेला अष्टकोनी मनोरा मोठ्या धाडसाची कृती खरी. पण त्याचे वरचे मजले उतरवून दगड अन्यत्र नेल्याचे सांगतात. बाळापूरनजीक अकबराचा पुत्र मुराद याने शाहपूर वसविले आणि १५९९ साली तो वारला. त्या नगराविषयी त्याच्या मनात आणखी काय होते, हे आज तेथील जमीन सांगत नाही. खडकात कोरलेले मात्र कोणाला उचलून नेता येत नाही, आणि न कोरलेलेही जागच्या जागी राहते.

हे काम का थांबले? हरिषेणानंतर वत्सगुल्माची सत्ता लवकरच मोडली. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील शेवटच्या उच्छ्वासात विदर्भाच्या तरुण राजाचा अश्मकांच्या कारस्थानाने झालेला नाश वर्णिलेला आहे, आणि त्या कथेत या पतनाची ऐतिहासिक स्मृती असावी, असे मिराशींनी प्रतिपादिले, वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याचा कालक्रम लावताना त्याच सूत्राचा आधार घेतला. राजाश्रय सुटला, खर्चाची तजवीज संपली, आणि अर्ध्या बोळात छिन्नी थांबली.

आपल्या काळात डोंगर कोरून पोकळी घडविण्याचा हाच संकल्प दूर स्पेनमध्ये पुन्हा एका कलावंताच्या मनात उमटला. एदुआर्दो चिलिदा हा बास्क शिल्पकार. त्याने तरुणपणी वास्तुविद्येचे शिक्षण घेऊन ते मध्येच सोडले होते. कॅनरी बेटांपैकी फ्वेर्तेवेंतुरा बेटावरील तिंदाया डोंगराच्या पोटात सुमारे पन्नास मीटर लांबीरुंदीउंचीची एक पोकळी कोरावी, वरून सूर्याचा आणि चंद्राचा प्रकाश तीत उतरावा, आणि माणसाने आत उभे राहून आपले लहानपण अनुभवावे, अशी त्याची योजना होती. बेटाच्या आदिवासींनी त्या डोंगरावर पावलांच्या आकृती कोरलेल्या आहेत. तो पवित्र डोंगर फोडू नये म्हणून विरोध झाला, आणि २००२ साली चिलिदा गेला तेव्हा योजना कागदावरच होती. तिला वास्तू म्हणावे की शिल्प, हा प्रश्न तेथील समीक्षकांना पडला. आमच्याकडील कारागिरांना तो पडला नसता, कारण पोकळी घडविणे हाच त्यांचा धंदा होता. फक्त चिलिदाची पोकळी रेखाटनांत राहिली, तर त्यांची अर्धीअधिक पाषाणात उतरली.

एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट गिल यांनी आणि पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती काढण्यासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले. त्यांतील पुष्कळ प्रती इंग्लंडात आगीत गेल्या, तरी त्या परिश्रमाने एका पिढीची नजर घडली. अमरावती-अकोल्याकडे आज जे विद्यार्थी चित्रकला आणि वास्तुविद्या शिकत आहेत, त्यांनी वह्या घेऊन चोविसाव्या लेण्यात काही दिवस बसावे, आणि छिन्नीचे चर, अर्धे सुटे झालेले खांब, बोळांमधल्या उरलेल्या भिंती यांची मापे घेऊन रेखाटने करावीत, अशी माझी फार इच्छा आहे. ज्या राजधानीने हे काम आरंभिले, ती त्यांच्याच प्रांतातली आहे.