जळलेलं आकाश

आकुर्डीच्या कारखान्यात आम्हा इन्स्पेक्शनवाल्यांचं काम सरळ होतं. गो-नोगो गेजची ‘गो’ बाजू भोकात गेली आणि ‘नोगो’ अडली की पीस पास. तो मला आवडला का, हे कुणी विचारत नसे. पुढे फोटोग्राफीचा नाद लागला, स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली आणि तिथलंही गेज हाती आलं: क्षितिज तिरकं, डोळा शार्प नाही, आकाश जळलंय, म्हणजे नुसतं पांढरं पडलंय. तीन परीक्षक, तिघांच्या गुणांची बेरीज.

पण हे गेज घडवलं कुणी?

१८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ठरवलं, की जुन्या वास्तूंची चित्रं काढवून घेण्यापेक्षा फोटो घ्यावेत. ते अचूक आणि स्वस्तही. मुंबई इलाख्यासाठी तोफखान्यातला कॅप्टन थॉमस बिग्ज नेमला गेला. विजापूर, बदामी, ऐहोळे इथे त्याने कॅमेरा लावला. त्या काळच्या रसायनांवर निळा प्रकाश फार जोरात उमटे. दगडावरची नक्षी उतरेपर्यंत आकाश पांढरंफटक झालेलं असे. आमच्या गेजाने बिग्ज पहिल्याच फेरीत रिजेक्ट! त्याला तर नक्षीच हवी होती.

१८६६ मध्ये लंडनहून विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ निघाला. त्यात बिग्जने जागेवर घेतलेले फोटो आहेत, तसे रेखाटनांचेही फोटो आहेत. चित्रकाराचा जो हात टाळायचा होता, तोच कॅमेऱ्यातून परत आला. शीर्षकपानावर रेखाटनं करणाऱ्या कॅप्टन हार्टचं नाव आहे. देशी ड्राफ्ट्समन मात्र नुसते ‘देशी ड्राफ्ट्समन’. यंत्राला पक्षपात नसेल, छापणाऱ्याला होता.

पुढे धूसर, मऊ प्रिंट म्हणजेच कला, असंही एक युग येऊन गेलं. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन यांच्या ‘एफ-६४’ गटाने त्याविरुद्ध शार्पपणाचा झेंडा उभारला.

गेज असं काळागणिक बदलतं. तरी ते फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. ‘भिडला नाही’ एवढंच ऐकून पोराने घरी जाऊन काय सुधारायचं? फक्त गेज लावण्याआधी त्याला काय दाखवायचं होतं, ते बघावं. आमच्या खंडोबाच्या माळावरचा एक फोटो आला होता. सावलीतल्या म्हातारीच्या कपाळावरचा भंडारा दिसावा म्हणून पोराने आकाश खुशाल जाळलं होतं. मी दहापैकी नऊ दिले. शेजारच्याने चार, तिसऱ्याने सहा. फोटो एका गुणाने बाहेर राहिला.