इंजिनाच्या जागीं विजेची मोटर

सन 1954 च्या सप्टेंबर महिन्यांत इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी एका विमानानें ओलांडली. वरवर पाहतां यांत नवल कसलेंच नाहीं. ब्लेरिओनें ती 1909 सालींच ओलांडलेली होती. परंतु 1954 च्या या विमानांत वैमानिक नव्हता, आणि असता तरी त्याला बसावयास जागा नव्हती. पंखांचा पसारा अवघा 7 फूट. ‘रेडिओ क्वीन’ हें त्याचें नांव. कर्नल एच. जे. टॅप्लिन या इंग्रज गृहस्थानें त्याचा आराखडा केला होता. विमानाच्या नाकावर सुमारें साडेतीन घन सेंटिमीटरचें एक चिमुकलें डिझेल इंजिन होतें, आणि त्याची सर्व हालचाल बिनतारी संदेशांनीं होत होती.

पुढें तीन वर्षांनीं, 30 जून 1957 रोजीं, टॅप्लिननें आणखी एक गोष्ट करून दाखविली. या जातीच्या विमानावरील इंजिन काढून त्या जागीं त्यानें विजेची मोटर बसविली आणि विमान उडविलें. बिनतारी संदेशांवर चालणाऱ्या विमानाचें विजेच्या बळावर झालेलें, अधिकृत नोंद असलेलें पहिलें उड्डाण तें हेंच होय. मोटर या कामासाठीं मुद्दाम घडविलेली नव्हती. महायुद्धानंतर लष्करी सामानाची जी विक्री झाली, तींतून ती आलेली होती. घट मात्र चांदी-जस्ताचे, म्हणजे हलके पण फार महाग. विमान उडालें, उतरलें, आणि प्रकरण जवळजवळ तेथेंच थांबलें. हौशी मंडळींत टॅप्लिनचें नांव पुढें राहिलें तें या मोटरीमुळें नव्हे, तर ‘टॅप्लिन ट्विन’ या त्याच्या दोन नळकांड्यांच्या डिझेल इंजिनामुळें!

जें जमलें तें मागें कां पडलें, हें समजण्यास आणखी पाऊणशें वर्षें मागें जावें लागतें. विजेची मोटर आकाशांत नेण्याची कल्पना पेट्रोलच्या इंजिनाहून नवी नाहीं. 1881 सालीं पॅरिस येथें विजेचें जें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत गास्ताँ तिसांदिए यानें फुग्याच्या विमानाची एक लहान प्रतिकृति मांडली होती. तिची मोटर गुस्ताव्ह त्रूव्हे या कारागिरानें केलेली असून ती पाव किलोहूनही हलकी होती. प्रतिकृति उत्तम चालली. तेव्हां तिसांदिए बंधूंनीं मोठें यान केलें, त्यांत सीमेन्सची दीड अश्वशक्तीची मोटर घातली, आणि 8 ऑक्टोबर 1883 रोजीं आकाशांत चढले. वारा जरा जोराचा लागतांच यानास पुढें सरकेना. पुढल्याच वर्षीं, 9 ऑगस्ट 1884 रोजीं, रेनार व क्रेब्स या दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं ‘ला फ्रान्स’ हें यान 23 मिनिटांत सुमारें 8 किलोमीटर फिरवून निघाल्या जागीं परत आणलें. मोटर साडेआठ अश्वशक्तीची होती. परंतु तिला वीज पुरविणाऱ्या बॅटरीचें वजन किती? 435 किलो! एवढ्या वजनांत सहा माणसें सुखानें बसलीं असतीं.

दोष मोटरीचा नव्हता, हें येथें नीट ध्यानांत घ्यावयास हवें. मोटर हा पदार्थ बिचारा मोठा प्रामाणिक; जितकी वीज द्यावी तिच्यांतली पुष्कळशी तो कामाच्या रूपानें परत करतो. खोट आहे ती सांठवणींत. एक किलो पेट्रोलमध्यें सुमारें 12,000 वॉट-तास इतकी ऊर्जा असते. चांदी-जस्ताच्या घटांत किलोमागें शंभराच्या आसपास, आणि पुढें सरसहा वापरल्या गेलेल्या निकेल-कॅडमियमच्या घटांत त्याच्याही निम्म्याहून कमी. लहानसें इंजिन त्या पेट्रोलपैकीं बराच मोठा भाग उष्णता व गोंगाट यांत उधळून टाकतें, तरी तें पुढेंच राहतें. म्हणून 1930 नंतर अमेरिकेंत बिल ब्राउन याचें ‘ब्राउन ज्युनियर’ हें छोटें पेट्रोल इंजिन निघतांच हौशी मंडळींनीं त्यालाच हात घातला, आणि 1947 सालीं रे आर्डनची तापती तार आल्यावर तर ठिणगीचा सरंजामही गळून पडला. एरंडेलमिश्रित इंधनाचा वास हा पुढें कित्येक वर्षें या छंदाचाच वास होऊन बसला.

ही कोंडी फोडली ती फ्रेड मिलिट्की यानें. जर्मनींतील ग्राउप्नर या छोटीं विमानें बनविणाऱ्या कारखान्याशीं त्याचा संबंध होता. टॅप्लिननें विमान तेंच ठेवून त्यास ओढील अशी मोटर शोधली होती. मिलिट्कीनें प्रश्नच उलटा केला: ही एवढीशी मोटर किती हलकें विमान वर नेऊं शकेल? त्याच्या हातीं फाउलहाबर यांनीं केलेली एक अगदीं लहान मोटर होती. ती फार वेगानें फिरे, पण जोर तिच्यांत फारसा नव्हता. मिलिट्कीनें तिला दांतेरी चक्रें जोडलीं. मोटरीच्या 15 फेऱ्यांस पंख्याचा एक फेरा. पंखा त्यामुळें मोठा व संथ घेतां आला. 1960 च्या सुमारास ‘सिलेंटियस’ या नांवानें हें विमान बाजारांत आलें. त्यास बिनतारी नियंत्रण नव्हतें. तें मोकळेंच उडे. परंतु नांवाप्रमाणेंच तें मुकें होतें, आणि शेजाऱ्यांची तक्रार न येतां उडणारें विमान ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

मिलिट्की येथें थांबला नाहीं. ऑस्ट्रियांतील ब्रडिच्का यांचें एचबी-3 नांवाचें इंजिन लावलेलें ग्लायडर होतें. त्याचें इंजिन उतरवून बॉशची मोटर व निकेल-कॅडमियमची बॅटरी बसविण्यांत आली, आणि 21 ऑक्टोबर 1973 रोजीं हायनो ब्रडिच्का स्वतः तें घेऊन वेल्स येथें उडाला. माणसाला घेऊन केवळ विजेवर उडालेलें, पंखांचें हें पहिलें विमान. पंधरा मिनिटांच्या आंतच तें खालीं आलें. परंतु छोट्या विमानावर शिकलेला धडा त्यानें मोठ्या विमानावर खरा करून दाखविला. पुढल्या वर्षीं, 4 नोव्हेंबर 1974 रोजीं, कॅलिफोर्नियांत बाउचर बंधूंचें ‘सनराइझ’ हें माणसावांचूनचें विमान सूर्यप्रकाशावरच्या घटांनीं उडालें. पंखांचा पसारा 32 फूट, आणि वजन साडेसत्तावीस पौंड!

या सर्व खटपटींतून मोटर निवडण्याचें एक शास्त्र हळूहळू तयार झालें. जुनी मोटर जळाली म्हणून नवी घ्यावयाची, तर दुकानांत जाऊन ‘तेवढीच मोठी द्या’ असें म्हणून भागत नाहीं. आधीं विमानाचें वजन पाहावयाचें. शिकाऊ विमानास दर किलोमागें 200 वॉटच्या आसपास शक्ति लागते, असा एक जाडा हिशेब रूढ आहे. दीड किलोच्या विमानास म्हणजे 300 वॉट हवे. बॅटरी 11 व्होल्टची असेल तर प्रवाह 27 अँपिअर झाला. एवढा प्रवाह मोटरीनें, तारांनीं आणि बॅटरीनें, तिघांनींही सोसला पाहिजे.

मग येतो तो फेऱ्यांचा प्रश्न, आणि नवखा मनुष्य फसतो तो येथेंच. प्रत्येक मोटरीचा एका व्होल्टला अमुक फेरे असा एक ठरलेला आंकडा असतो. तारेचे वेढे कमी, तर फेरे अधिक. आतां समजा, 1000 च्या मोटरीऐवजीं कोणी 1200 ची आणली व पंखा जुनाच ठेवला. वेग पांचवा हिस्सा वाढेल, तर प्रवाहही तेवढाच वाढेल, असें त्यास वाटतें. परंतु पंख्याची भूक वेगाच्या घनाप्रमाणें वाढते! 1.2 चा घन 1.73, म्हणजे मोटरीवर जवळजवळ पाऊणपट अधिक ओझें. पहिल्याच उड्डाणांत वेढ्यांवरील लाख जळल्याचा वास येतो आणि दोष मोटर विकणाऱ्याच्या माथीं मारला जातो. अशा वेळीं पंखा लहान करावा हें उत्तम. पिच तोच ठेवून दहा इंचांच्या जागीं नऊ इंचांचा पंखा घातला, तर भार सुमारें तिसऱ्या हिश्शानें उतरतो.

1980 च्या आगेमागें बहुतेकांच्या हातीं असे ती जपानी माबुची धर्तीची, पत्र्याच्या डबींतली स्वस्त मोटर. तिच्यांत कोळशाचे ब्रश असत आणि त्यांच्या ठिणग्या बिनतारी यंत्राच्या कानांत खरखर करीत, म्हणून मोटरीच्या टोकांस लहान कंडेन्सर जोडावे लागत. घरांतील मिक्सरमध्यें अंधारांत निळसर ठिणगी दिसते ती याच जातीची. 1980 नंतरच्या दशकांत निओडिमियमचे जोरदार लोहचुंबक निघाले आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लहान झाले. तेव्हां ब्रशांची गरजच उरली नाहीं. कमी विजेवर चालणारे छताचे नवे पंखे ज्या तत्त्वावर फिरतात, तेंच हें तत्त्व.

सन 2000 च्या सुमारास तर मोठी मौज झाली. निकामी झालेल्या संगणकांतील सीडी फिरविणाऱ्या मोटरी हौशी मंडळींनीं उकलल्या, त्यांचे चुंबक काढून निओडिमियमचे बसविले, नवी तार हातानें गुंडाळली आणि त्यांवर विमानें उडविलीं. वेढा एक अधिक कीं उणा, यावर तासन् तास वाद चालत. त्याच सुमारास लिथियम-पॉलिमरची बॅटरी आली. तिच्यांत किलोमागें दीडशेंहून अधिक वॉट-तास मावत, आणि ‘ला फ्रान्स’च्या काळापासून अडलेला गाडा एकदांचा सुटला.

त्यानंतर माळ्यावर पडलेलीं जुनीं इंजिनाचीं विमानें पुष्कळांनीं खालीं काढलीं. इंजिनाचा हादरा सोसण्यासाठीं पुढें जाड फळी बसविलेली असते. मोटर तिच्यावर आयती बसते. मात्र नवी मोटर जुन्या इंजिनाहून बहुधा हलकी भरते, नाक उचललें जातें आणि विमानाचा तोल शेपटीकडे झुकतो. म्हणून बॅटरी होईल तितकी पुढें सरकवावी लागते, बहुतेक वेळां पूर्वीं जेथें इंधनाची टांकी असे त्याच जागेंत. आणि तेवढ्यानेंही तोल साधला नाहीं, तर फळीमागें शिशाचा एखादा तुकडा बसवावा लागतो.