टोल न भरणारी पांडा

'आ-हा' आठवतोय? 'टेक ऑन मी'वाला नॉर्वेचा बँड. १९८९ मध्ये त्यातल्या दोघांनी पर्यावरणवादी फ्रेडरिक हाउगेसोबत विजेवर चालणारी केलेली एक फियाट पांडा देशात आणली आणि टोलनाक्यांवरून पैसे न देता खुशाल फिरवायला लागले. दंड झाला, तोही भरेनात. शेवटी गाडी जप्त होऊन लिलावात गेली!

पण सरकार हललं. १९९० मध्ये विजेच्या गाड्यांवरचा आयात-नोंदणी कर माफ, १९९७ मध्ये टोल माफ, २००१ मध्ये व्हॅटही माफ. गंमत म्हणजे तेव्हा घ्यायला धड गाडीच नव्हती. तरी सवलती कुणी गुंडाळल्या नाहीत, आणि माझ्या मते खरी करामत हीच. नुसती सबसिडी नाही, तर पेट्रोल गाडीवर जबर कर आणि हिच्यावर शून्य. (आणि हा देश तेल विकून श्रीमंत झालेला, बरं का!) २०११ मध्ये निसान लीफ आली तेव्हा पुढचा हिशोब गिऱ्हाइकानेच केला. २०२४ मध्ये तिथल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या. तोवर, २०२३ पासून, ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीला व्हॅट परत लागूही झाला होता.