खुणेच्या शब्दाची घंटा



आठवड्याच्या बाजारात उभे राहिले म्हणजे कानांवर किती आवाज पडतात! भाव पुकारणारे, घासाघीस करणारे, गुरांचे हंबरणे, पोरांचे रडणे. यातले आपण काहीच धड ऐकत नसतो. पण त्याच गलक्यात कोणी आपल्या नावाने हाक मारली, की मान आपोआप वळते. मनाने एक शब्द जणू पहाऱ्यावर बसवलेला असतो. तो आला की आपण जागे; बाकीचे वाहून गेले तरी चालते.

हे काम यंत्राला शिकवता येईल का, हा प्रश्न विसाव्या शतकातल्या माणसाला पडला. संगणकाच्या सूचनाफलकावर हजारो निरोप येतात. त्यांतून आपल्या उपयोगाचा निरोप आला की तेवढ्यापुरता इशारा मिळावा, अशी सोय पुढे झाली. ती कशी घडत गेली, त्याची हकीकत आज सांगायची आहे. हकीकत दूरच्या देशांतली आहे; पण तिच्यातून निघणारा धडा आपल्या खिशातल्या मोबाइललाही लागू पडतो.

सुरुवात समुद्रापासून करू. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक हे प्रचंड जहाज उत्तर अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळून बुडाले आणि सुमारे दीड हजार माणसे प्राणांना मुकली. त्या रात्री कॅलिफोर्नियन नावाचे दुसरे एक जहाज त्याच भागात थांबलेले होते. त्यावर बिनतारी संदेश ऐकणारा माणूस एकच. दिवसभराचे काम संपवून, टक्कर होण्यापूर्वी थोडीच मिनिटे, तो झोपायला गेला होता. टायटॅनिकने मदतीसाठी केलेला धावा हवेतून त्याच्या यंत्रापर्यंत येऊ शकत होता, पण ऐकायला कान नव्हता.

मग माणूस झोपला तरी यंत्राने जागे राहावे, यासाठी खटपट सुरू झाली. त्या काळच्या यंत्राला कडकट्टांतली अक्षरे वाचता येत नव्हती. प्रत्येकाचा हात वेगळा, गती वेगळी. म्हणून तज्ज्ञांनी अशी खूण ठरवली की जी एरवीच्या बोलण्यात येणारच नाही. चार सेकंदांचा एक लांब सूर, मग एक सेकंद स्तब्धता. असे बारा सूर. बरोबर एक मिनिट. १९२७ साली वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही खूण नियमांत नमूद झाली. असे काही सूर ओळीने नेमके मापात आले, की जहाजावरच्या यंत्राची घंटा वाजे आणि झोपलेला माणूस उठून कानाला यंत्र लावी. कधी कधी विजांच्या कडकडाटानेही यंत्र फसे व घंटा उगीचच वाजे. पण उगीच चार वेळा उठावे लागले तरी चालेल, खरी हाक चुकता कामा नये, असा तो हिशेब होता. कडकट्टांची ही पद्धत १९९९ मध्ये समुद्रावरून अधिकृतपणे निवृत्त झाली.

या गोष्टीतला एक मुद्दा ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. समुद्रावर हाक मारणारा आणि ऐकणारा, दोघांनाही खूण ठाऊक होती. ती आधीच ठरलेली होती.

आता जमिनीवर येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय लेखांचा आणि अहवालांचा पूर आला. एकेका संशोधकाने काय काय वाचावे? हान्स पीटर लून या जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याने १९५८ साली यावर एक योजना मांडली. प्रत्येक माणसाला ज्या विषयांत रस आहे, त्यांच्या शब्दांची यादी यंत्रात ठेवायची. नवा लेख आला की त्यातले शब्द या याद्यांशी ताडून पाहायचे, आणि ज्याच्या यादीशी मेळ बसेल त्याला लेखाची वर्दी द्यायची. यापुढची पायरी फार शहाणपणाची होती. आलेला लेख त्या माणसाला उपयोगी वाटला की नाही, हे यंत्राकडे परत कळवायचे, आणि त्याप्रमाणे यादी दुरुस्त करत राहायची. यादी एकदा केली आणि संपले, असे लूनने मानले नाही.

परंतु ही सोय मोठ्या संस्थांची. साध्या माणसाचे काय? १९७३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बर्कली गावी, रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानात, एक टंकयंत्रासारखे यंत्र ठेवण्यात आले. टेलिफोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. यंत्राची खडखड फार, म्हणून त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवले होते. ली फेल्सेनस्टाइन, एफ्रेम लिपकिन आणि त्यांचे सोबती यांनी चालवलेल्या या उपक्रमाचे नाव होते ‘कम्युनिटी मेमरी’, म्हणजे समाजाची आठवण.

कोणीही यावे, आपला निरोप लिहावा आणि त्याला आपल्या मनाचे खुणेचे शब्द जोडावेत. दुसऱ्याने येऊन शब्द विचारला, की त्या शब्दाखालचे निरोप छापून मिळत. कोणी भाड्याची खोली शोधी, कोणी वाद्य वाजवणारा साथीदार. एकाने विचारले, बेगल नावाचा गोल पाव चांगला कुठे मिळतो? त्याला दुकानांचे पत्ते तर मिळालेच, शिवाय एका माजी पाववाल्याने तो करायला शिकवण्याची तयारी दाखवली. दुकानातल्या यंत्रावर अनोळखी माणसे एकमेकांच्या उपयोगी पडू लागली. उणीव एवढीच, की प्रत्येक वेळी आपण जाऊन विचारायचे. आपल्याला हवा तो निरोप आज सकाळी आला, हे यंत्र आपणहून सांगत नसे.

यानंतर सूचनाफलक घरात आला. १९७८ च्या जानेवारीत शिकागो शहरात जबरदस्त हिमवर्षाव झाला आणि माणसे घरात अडकून पडली. तिथल्या संगणकप्रेमींच्या मंडळातले वॉर्ड ख्रिस्टनसेन आणि रँडी सूस यांनी त्या दिवसांत एक कल्पना हाती घेतली. मंडळाच्या सभेत सूचना टाचून लावायचा फळा असे. तसाच फळा संगणकात करायचा. ख्रिस्टनसेनने आज्ञावली लिहिली, सूसने यंत्राची जुळणी केली, आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी फलक सुरू झाला. टेलिफोनची घंटा वाजली की संगणक जागा होई. पलीकडचा माणूस निरोप वाचे, आपला लिही आणि फोन ठेवी. एका वेळी एकच माणूस! अक्षरे येत ती सेकंदाला सुमारे तीस. अठराशे अक्षरांचे एक पान वाचायला यायला एक मिनिट लागे. तरीही हा फलक बंद होईपर्यंत त्यावर अडीच लाखांहून अधिक फोन येऊन गेले.

मग असे फलक गावोगाव निघाले. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज याने फिडोनेट नावाची व्यवस्था काढली. रात्री टेलिफोनचे दर कमी, म्हणून रात्रीच एक फलक दुसऱ्याला फोन करी आणि निरोपांची देवघेव होई. १९८६ पासून तर एका गावी लिहिलेला मजकूर असंख्य फलकांवर उमटू लागला. १९९० नंतरच्या काही वर्षांत या जाळ्यातले फलक तीस हजारांच्या वर गेले.

आता अडचण कुठे आली ते पाहा. निरोप वाढले, पण टेलिफोनची तार एक आणि दिवसाचे तास चोवीसच. सगळे वाचत बसावे तर बिल वाढते आणि रांगेतल्या दुसऱ्याचा खोळंबा होतो. म्हणून १९८७ च्या सुमारास निरोपांचे गाठोडे बांधून घरी नेण्याची रीत निघाली. फोन लावायचा, गाठोडे उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा आणि सावकाश वाचायचे. ज्या निरोपावर आपले नाव असेल, तो अशा गाठोड्यात वेगळा दाखवला जाई. बाजारातली नावाची हाक यंत्राला ऐकू येऊ लागली ती अशी.

पण नावापुरते भागत नाही. आपले नाव ठाऊक नसलेला माणूसही आपल्या कामाचे लिहितो. म्हणून ‘ब्लू वेव्ह’सारख्या आज्ञावलींनी वाचकाला शब्द नोंदवायची मुभा दिली. दहा शब्द हवे असलेले, आणि दहा नको असलेले. फलकावरचा संगणक नव्या निरोपांतून अक्षरे जुळवत जाई; हवा तो शब्द सापडला की निरोप गाठोड्यात, नकोसा सापडला की बाहेर. इशाऱ्यासाठी आवाजही तयार होता. संगणकाच्या अक्षरांना क्रमांक असतात, आणि त्यांत सातव्या क्रमांकाला अक्षर नाही, घंटा आहे! छापणाऱ्या तारयंत्रांना खरीखुरी घंटा असे. वृत्तसंस्था तातडीच्या बातमीच्या वेळी ती वाजवीत. तीच पुढे संगणकाची ‘टिंग’ झाली.

आता शिक्षकांनी इकडे जरा जास्त लक्ष द्यावे. शब्द नोंदवणे सोपे, पण कोणता नोंदवावा हे अवघड. यंत्राला अर्थ कळत नाही. ते फक्त अक्षराला अक्षर जुळवते. समजा, एखाद्या शेतकऱ्याने अशा फलकावर ‘ऊस’ हा शब्द पहाऱ्यावर बसवला. पहिल्याच दिवशी घंटा वाजते. पाहतो तर निरोप ‘पाऊस’ कधी येणार याचा! कारण ‘पाऊस’ शब्दाच्या पोटात ‘ऊस’ बसलेलाच आहे. बरे, दुसऱ्या दिवशी कोणी लिहितो, ‘उसाला चांगला भाव मिळाला.’ नेमकी हीच बातमी हवी होती. पण घंटा गप्प! का? तर विभक्ती लागताच दीर्घ ‘ऊ’ चा ऱ्हस्व ‘उ’ झाला. विहीर म्हणावे तर ‘विहिरीला’ होते, पाणी म्हणावे तर ‘पाण्याची’ होते. म्हणजे आपल्या भाषेत एक शब्द नोंदवून चालायचे नाही. त्याची बदललेली रूपेही द्यावी लागतील. आणि ‘उसा’ एवढेच दिले, तर कोणाचा ‘उसासा’ही घंटा वाजवील! पूर्ण शब्दच जुळवायचा की शब्दाचा तुकडाही चालेल, हे यंत्राला सांगावे लागते ते याचसाठी. वर्गात मुलांकडून असे शब्द शोधून घ्या. व्याकरणाचा तास हां हां म्हणता संपेल.

यापेक्षा खोल अडचण दुसरी आहे. समुद्रावरची खूण दोन्ही बाजूंनी ठरलेली होती. फलकावर तसे नसते. लिहिणाऱ्याला काय ठाऊक, की तुम्ही कोणता शब्द पहाऱ्यावर ठेवला आहे? तुम्ही ‘विहीर’ हा शब्द ठेवता आणि तो लिहितो, ‘आमच्या आडाचे पाणी खारट झाले.’ तुम्ही ‘ताप’ ठेवता आणि म्हातारी लिहून घेते, ‘पोराचे अंग तव्यासारखे झाले आहे.’ शिकलेल्याचा शब्द निराळा आणि अडलेल्याचा निराळा. ज्याची नड मोठी, त्याची भाषा पुष्कळदा आपल्या यादीत नसते. तिथे घंटा वाजत नाही, आणि वाजली नाही हे आपल्याला कळतही नाही. उगीच वाजलेली घंटा निदान कानाला त्रास देते. न वाजलेली कुणालाच दिसत नाही.

तेव्हा काय करावे? तीन गोष्टी या इतिहासातूनच निघतात. पहिली, खुणेचा शब्द असा निवडावा की जो एरवी सहसा येत नाही. ‘शेती’ असा मोघम शब्द ठेवला तर दिवसभर घंटा वाजेल, आणि सतत वाजणारी घंटा माणूस शेवटी ऐकेनासा होतो. रोगाचे, वाणाचे, गावाचे नेमके नाव ठेवावे. दुसरी गोष्ट लूनची. यादी अधूनमधून दुरुस्त करावी. कामाचा निरोप कोणत्या शब्दाने निसटला, ते पाहून तो शब्द तीत घालावा. तिसरी गोष्ट बर्कलीच्या दुकानातली. कधी तरी यादी बाजूला ठेवून अख्खा फळा वाचावा. पाव करायला शिकवणारा माणूस मिळाला, तो असाच. तसा शब्द शोधणाऱ्याने मागितलाच नव्हता.

फलकांचा तो काळ आता बराच मागे पडला. इंटरनेट आले, आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले. २००३ मध्ये गूगलने नोंदवलेल्या शब्दाची नवी बातमी आली की वर्दी देण्याची सोय काढली. आज गावच्या, शाळेच्या, भावकीच्या गटांतले निरोप मोबाइलवर दिवसभर येत असतात. आपण काही गटांचा आवाज बंद ठेवतो, काहींचा चालू. म्हणजे पहाऱ्यावर कोणाला बसवायचे हा निर्णय आता आपल्यापैकी प्रत्येकजण रोज घेतो, बहुधा विचार न करता.

म्हणून शेवटी एवढेच सांगणे. आपल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत निरोपांचा गट असेल, तर तातडीसाठी एक खुणेचा शब्द सर्वांनी मिळून ठरवा आणि एरवी तो वापरू नका. ज्याला लिहिता येत नाही, त्यालाही तो तोंडपाठ असू द्या. समुद्रावरच्या लोकांनी बारा सूर ठरवले, तसा आपला एक शब्द. आणि ज्यांना तो शब्द उच्चारायचे सुचणार नाही, त्यांच्यासाठी दिवसातून एकदा तरी कोणी एकाने सगळे निरोप डोळ्यांनी वाचावेत. हे काम पाळीपाळीने करता येते. यंत्राची घंटा चांगली आहे, ती जरूर लावावी. पण तिच्या भरवशावर सगळ्यांनीच झोपून चालणार नाही.