दोन कासरे

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पाहुणा आला की पहिल्या दिवशी भुईकोट किल्ला आणि दुसऱ्या दिवशी रणगाडे दाखवावयाचे, हा आमच्या घरचा शिरस्ता. गेल्या दिवाळीत मामा आले तेव्हाही तो मोडला नाही. मामांनी उभी हयात प्रवरानगरच्या कारखान्याला बैलगाडीने ऊस वाहिला. त्या वर्षी पोळा झाला आणि त्यांनी शेवटची जोडी विकली. तेव्हापासून त्यांचे बोलणेच कमी झाले. ‘गाडी हाकण्यापलीकडं मला येतं काय?’ एवढेच अधूनमधून म्हणत.

आमच्या नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली उघडले. तेथे सेंच्युरियन रणगाड्यापाशी मामा थबकले. “एवढं धूड वळवायचं चाक कुठं असतं रे?”

मी म्हटले, “मामा, चाक नसतंच.” आणि मला ठाऊक होती ती हकीकत सांगू लागलो.

रणगाड्याचा जन्म झाला तो आरमाराच्या कचेरीत. १९१५ साली चर्चिल ब्रिटिश आरमाराचे मंत्री असताना त्यांनी ‘जमिनीवरची जहाजे’ बनविण्यासाठी एक समितीच नेमली. १९१६ च्या सप्टेंबरात ही जहाजे फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर उतरली, तेव्हा त्यांना जहाजासारखे सुकाणूही होते! मागे दोन चाकांचे शेपूट लावलेले असे. पण पाण्यात चालते ते चिखलात कसे चालावे? ते शेपूट लवकरच काढून टाकावे लागले. मग वळावयाचे कसे, तर एका बाजूचा पट्टा रोखून दुसरा चालवायचा. त्या २८ टनी धुडाचे इंजिन अवघे १०५ अश्वशक्तीचे, आणि ते हाकावयास चार माणसे लागत. इंजिनाच्या गोंगाटात बोललेले ऐकू येत नसे, म्हणून एकमेकांना हाताने खुणा करीत. एकट्याने हाकण्याजोगा रणगाडा यावयास १९१८ साल उजाडले.

“आणि ह्याला?” मामांनी सेंच्युरियनकडे बोट दाखविले.

“ह्याला दोन दांडे. डावा ओढला की डावा पट्टा मंदावतो, उजवा वेग धरतो. गाडा डावीकडे वळतो.”

मामा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांची दोन्ही हातांची बोटे आपोआप मिटली. डावी मूठ छातीकडे आली, उजवी सैल पुढे गेली.

“आरं, हा तर कासराच की! आतला बैल आवळायचा, बाहेरला सोडायचा. ह्यात नवं काय?”

खरेच, नवे काय होते? सेंच्युरियनचे साडेसहाशे अश्वशक्तीचे इंजिन विमानाच्या इंजिनावरून बेतलेले. शक्ती अशी आभाळातून आली, पण वळण्याची युक्ती मामांच्या मुठीत आधीपासूनच होती.

घरी आल्यावर मामांनी माझ्या नातवाला समोर बसविले, सुतळीचे दोन तुकडे त्याच्या हाती दिले आणि म्हणाले, “हं, वळीव डावीकडं!” फराळाचे ताट तसेच राहिले. त्या दिवशी मामा पुष्कळ बोलले.