जस्त, कॅडमियम आणि १९५७ साल

आवर्तसारणीत जस्ताच्या अगदी खालच्या घरात कॅडमियम आहे. गुणधर्म मिळतेजुळते असल्याने निसर्गातही हे धातू एकत्र आढळतात. १८१७ साली स्ट्रोमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना कॅडमियम सापडले ते जस्ताच्या कार्बोनेटातच! पण जस्त शरीराला आवश्यक, तर कॅडमियम विषारी. मग पेशी या दोघांना कशी हाताळते? या कोड्याचे दोन धागे १९५७ साली हाती आले.

पहिला धागा प्रागमधला. कॅडमियमचा क्षार टोचल्यावर उंदरांच्या वृषणांतील ऊती नष्ट होतात आणि पुरेसे जस्त दिल्यास ही हानी टळते, असे पारिझेक यांनी दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्गोशेस व व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम बांधून ठेवणारे प्रथिन आढळले. १९६० साली केगी व व्हॅली यांनी त्याला ‘मेटॅलोथायोनिन’ हे नाव दिले. यातील ‘थायो’ म्हणजे गंधक. माणसातील या प्रथिनाच्या एका रेणूत सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे २० घटक असतात आणि ते जस्ताचे किंवा कॅडमियमचे ७ अणू धरून ठेवतात.

दोन धाग्यांमधला दुवा पुढे उलगडला. पेशीत जस्त वाढले की एमटीएफ-१ नावाचे प्रथिन ते ओळखते आणि मेटॅलोथायोनिनच्या जनुकांना चालना देते. कॅडमियम गंधकाला अधिक घट्ट बांधले जाते. म्हणून ते आले की जस्ताला हुसकून त्याची जागा घेते व तेथेच अडकते. सुटे झालेले जस्त आणखी प्रथिन बनवायला लावते. शिवाय पेशीत शिरतानाही जस्त कॅडमियमशी स्पर्धा करते. १९९० च्या दशकात ही जनुके निकामी केलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा ते कॅडमियमला सहज बळी पडतात असे दिसले.

तरीही जस्त म्हणजे विषावरचा उतारा नव्हे. अडकलेले कॅडमियम मूत्रपिंडात अनेक वर्षे साठून राहते आणि जस्ताचा अतिरेक झाल्यास शरीरात तांब्याची कमतरता होते. जपानमध्ये जिन्झू नदीकाठच्या लोकांना हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग जडला. त्याचे मूळ कॅडमियम असल्याचे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. ते कॅडमियम आले होते कामिओका येथील जस्ताच्या खाणीतून! पेशीच्या संरक्षणालाही मर्यादा आहे. म्हणूनच कॅडमियम माती-पाण्यात मिसळू न देणे, हाच खरा उपाय.